येऊ घातलेल्या छोट्या डीएसएलआरच्या बातम्या कशा पारखाव्यात?

नवशिक्यांसाठीचा एक छोटा, हलका आणि परवडणारा डीएसएलआर (आत हलता आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा लवकरच बाजारात येणार आहे, अशी बातमी अधूनमधून कुठून तरी उठते आणि दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस हात आखडता घेतो. थांबणे चुकीचेच असते असे नाही. पण आपण कशासाठी थांबतो आहोत, तो कॅमेरा खरोखर येण्याजोगा आहे का आणि आलाच तर त्यात काय असेल, याचा अंदाज ज्याचा त्याला बांधता आला पाहिजे. त्यासाठी कंपनीत ओळखपाळख असावी लागत नाही. आधीच्या कॅमेऱ्यांची प्रसिद्ध झालेली माहिती नीट ओळीने मांडली, तर बहुतेक अफवांचा निकाल घरबसल्या लागतो.

उदाहरणादाखल पुढे मुख्यतः कॅननची छोट्या डीएसएलआरची मालिका घेतली आहे. तिच्यात आजवर तीन कॅमेरे झाले: मार्च २०१३ मध्ये जाहीर झालेला ईओएस १००डी, जून २०१७ मधला २००डी आणि एप्रिल २०१९ मधला २५०डी. या तिघांची वजने, मापे आणि आतले भाग तपशीलवार उपलब्ध असल्यामुळे चौथ्याविषयी काहीही बोलले गेले, तरी ते ताडून पाहायला आपल्या हाती पक्का आधार असतो.

नाव नवे, कॅमेरा जुना

पहिली तपासणी नावाची करावी, कारण निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. कॅनन एकच कॅमेरा निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नावांनी विकते. युरोपात जो २५०डी आहे, तोच भारतात २००डी मार्क टू या नावाने आला, उत्तर अमेरिकेत रेबेल एसएल३ झाला आणि जपानमध्ये किस एक्स१० झाला. भारतात सर्रास विकला गेलेला १५००डी युरोपात २०००डी आहे, अमेरिकेत रेबेल टी७ आहे आणि जपानमध्ये किस एक्स९० आहे. त्यामुळे एखाद्या परदेशी दुकानाच्या यादीत कधी न ऐकलेले नाव दिसले, की नवा कॅमेरा आला असे समजून ती बातमी पुढे पाठवली जाते. जपानी नावे तर विशेष फसवी आहेत. किस एक्स१० हा छोटा २५०डी आहे, तर त्याच्यापुढे फक्त एक आय जोडलेला किस एक्स१०आय हा त्याहून मोठा आणि वरच्या दर्जाचा ८५०डी आहे.

आकड्यांची रीतही माहीत असलेली बरी. कॅननच्या युरोपीय आणि भारतीय नावांमध्ये अंक जितके कमी, तितका कॅमेरा वरच्या श्रेणीचा असतो. ५डी व्यावसायिकांचा, ९०डी हौशी जाणकारांचा, २५०डी आणि ८५०डी नवशिक्यांचे, आणि १५००डीसारखे चार अंकी सर्वांत खालच्या पायरीचे. नव्वदीनंतर शंभर येतो म्हणून ९०डीचा वारस १००डी या नावाने येईल असा तर्क कुणी केला, तर तो लगेच बाजूला ठेवता येतो. ते नाव कंपनीने २०१३ मध्येच छोट्या कॅमेऱ्यावर खर्च करून टाकले आहे. (स्वतःच्याच पुढच्या क्रमांकाची वाट कंपनीने अशी अडवून ठेवावी, याची गंमत वाटते.)

अनोळखी नाव समोर आले, तर त्याच्या मेगापिक्सेलचा आकडा, प्रोसेसरचे नाव, बॅटरीचा कोड आणि बॅटरीसह वजन या चार गोष्टी शोधाव्यात. चारही एखाद्या चालू कॅमेऱ्याशी तंतोतंत जुळल्या, तर तो तोच कॅमेरा आहे, फार तर त्याचा रंग नवा असेल. १००डी आणि २५०डी हे दोन्ही काळ्याखेरीज पांढऱ्या रंगातही आले होते आणि रंग बदलल्याने आतले काहीच बदलले नव्हते.

बातमीचा उगम

नाव खरोखर नवे निघाले, तर ती बातमी कुठून निघाली हे पाहावे. कंपनीच्या प्रमुखाने नाव देऊन केलेले विधान, सरकारी परवान्यासाठी झालेली नोंद, पेटंट, दुकानाच्या यादीत चुकून झळकलेला तपशील, फुटलेले छायाचित्र आणि ‘विश्वसनीय सूत्र’ या साऱ्यांना एकाच तागडीत टाकता येत नाही.

पेटंटवर फार वेळ घालवू नये. अर्ज केल्यापासून साधारण अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो, म्हणजे आपण वाचतो ती कल्पना अभियंत्यांच्या टेबलावरून दीड वर्षापूर्वी पुढे सरकलेली असते, आणि पेटंट घेतलेल्या असंख्य कल्पनांचे कॅमेरे कधीच होत नाहीत. दुकानाच्या यादीतील किंमत आणि तारीख ही पुष्कळदा जागा भरण्यापुरती टाकलेली असते. परवान्याची नोंद मात्र वजनदार असते. कॅमेऱ्यात वाय-फाय किंवा ब्लूटूथ असले, की तो विकण्याआधी अनेक देशांत बिनतारी उपकरण म्हणून त्याला मंजुरी घ्यावी लागते, आणि कुणी केवळ गंमत म्हणून अशी नोंदणी करीत नाही. पण या नोंदीतून बहुधा एक कोड आणि बिनतारी यंत्रणेचा प्रकार एवढेच कळते. आत आरसा आहे की नाही, हे कळत नाही. अशा कोडवरून कुणी ‘छोटा डीएसएलआर नक्की’ असे म्हणत असेल, तर नोंद खरी असली, तरी तिच्यावर रचलेला अर्थ त्याचा स्वतःचा आहे.

कंपनीची विधाने मात्र शब्दन् शब्द वाचावीत. डिसेंबर २०२१ मध्ये कॅननचे प्रमुख फुजिओ मितराई यांनी योमिउरी शिंबुन या जपानी वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत सांगितले, की १डी एक्स मार्क थ्री हा त्यांचा सर्वोच्च श्रेणीतील शेवटचा डीएसएलआर असेल. परंतु नवशिक्यांच्या आणि मधल्या श्रेणीतल्या डीएसएलआरना परदेशांत मागणी असल्याने त्यांचा विकास आणि उत्पादन तूर्त चालू राहील. छोट्या डीएसएलआरच्या अफवांना त्यानंतर जे बळ मिळाले, ते याच दुसऱ्या वाक्यातून. त्यातला ‘तूर्त’ पुष्कळांच्या नजरेतून निसटला. त्या मुलाखतीनंतर कॅननने एकही नवा डीएसएलआर जाहीर केलेला नाही; त्यांचा शेवटचा डीएसएलआर फेब्रुवारी २०२० मधला ८५०डी हाच आहे.

खुलासा वाचण्याचा धडा निकॉनकडून घ्यावा. निकॉन डीएसएलआरच्या विकासातून बाहेर पडत आहे, असे वृत्त जुलै २०२२ मध्ये निक्केई या जपानी वृत्तपत्राने दिले. त्यावर कंपनीने लगोलग खुलासा केला, की ही केवळ अटकळ असून कंपनीने तसे काही जाहीर केलेले नाही आणि डीएसएलआरचे उत्पादन, विक्री व सेवा चालू आहे. बातमी होती विकास थांबल्याची, आणि खुलाशात उल्लेख होता उत्पादनाचा, विक्रीचा आणि सेवेचा. जे नाकारले नाही ते कोणते, हे खुलासा वाचताना आधी शोधावे. चाहत्यांनी मात्र तो खुलासा पुढच्या कॅमेऱ्याची ग्वाही म्हणून वाचला.

मापे जुळतात का?

‘आजवरचा सर्वांत छोटा’ हा अशा बातम्यांमधला आवडता शब्दप्रयोग आहे. तो तपासण्यासाठी डीएसएलआरची रचना थोडी समजून घ्यावी लागते. लेन्समधून आलेला प्रकाश चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर पडण्यापूर्वी वाटेत ४५ अंशांत कललेल्या आरशावर आदळतो आणि वर जाऊन, दोन-तीन वेळा परावर्तित होऊन, व्ह्यूफाइंडरपर्यंत, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीपर्यंत, पोहोचतो. शटर दाबले, की हा आरसा वर उचलला जातो. त्याला हलायला जागा हवी म्हणून लेन्स जिथे बसते ती कडी आणि सेन्सर यांच्यात ठरावीक अंतर राखावेच लागते. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये हे अंतर ४४ मिलिमीटर आहे आणि निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिलिमीटर. जुन्या लेन्सा चालायच्या असतील, तर यात केसभरही फेरफार करता येत नाही. सेन्सरच्या मागे सर्किट बोर्ड आणि पडदा असतो, आणि वरच्या बाजूला आरशांचे घुमट असते.

याचा परिणाम आकड्यांत स्वच्छ दिसतो. १००डीची जाडी ६९.४ मिलिमीटर होती. चार वर्षांनी आलेल्या २००डीची आणि त्यानंतरच्या २५०डीची ६९.८ मिलिमीटर भरली. वजन बॅटरी आणि कार्डासह अनुक्रमे ४०७, ४५३ आणि ४४९ ग्रॅम. म्हणजे मालिकेतला पहिला कॅमेराच सर्वांत लहान आणि सर्वांत हलका होता आणि पुढचे दोन त्याच्यापेक्षा वाढले. वाढीचे कारणही समोरच आहे: १००डीचा पडदा पाठीला चिकटलेला होता, तर २००डीपासून तो बाजूला उघडून फिरवता येणारा झाला, पकडीची मूठ भरीव झाली आणि बॅटरीही मोठी आली. त्यामुळे ‘१००डीहूनही छोटा, शिवाय फिरणारा पडदा आणि जास्त चालणारी बॅटरी’ असे वर्णन वाचनात आले, तर त्यातली निदान एक गोष्ट खोटी ठरण्याची तयारी ठेवावी.

वजनाचे आकडे वाचताना ते बॅटरी आणि कार्डासह आहेत की नुसत्या बॉडीचे, हेही पाहावे. निकॉन डी३५०० चे वजन ३६५ ग्रॅम सांगितले जाते, ते बॅटरीविना. बॅटरी आणि कार्ड घातले, की ते ४१५ ग्रॅम होते. अफवांच्या तुलनेत एका कॅमेऱ्याचे पहिले आणि दुसऱ्याचे दुसरे वजन शेजारीशेजारी मांडलेले आढळते, आणि मग पन्नास ग्रॅमचा चमत्कार झाल्यासारखा वाटतो.

थोरल्याचे कपडे धाकट्याला

या साऱ्या तपासण्यांत माझा सर्वाधिक भरवसा ज्या एका गोष्टीवर आहे, ती म्हणजे कंपनीच्या चालू कॅमेऱ्यांमधले भाग. नवशिक्यांच्या कॅमेऱ्यासाठी कंपनी सहसा नवा सेन्सर किंवा नवा प्रोसेसर घडवीत नाही; थोरल्या भावाचे कपडे धाकट्याला यावेत, तसे वरच्या किंवा शेजारच्या मॉडेलमध्ये आधीच वापरलेले भाग त्यात येतात. म्हणून फुटलेल्या बातमीची वाट न पाहता, गेल्या वर्षभरात त्याच कंपनीने काय काय विकले याची यादी केली, तर पुढचा छोटा कॅमेरा बराचसा कागदावर उभा करता येतो.

१००डी पाहा. त्याचे १८ मेगापिक्सेल आणि डिजिक ५ प्रोसेसर हे त्याच दिवशी जाहीर झालेल्या ७००डीमध्येही होते, आणि त्याची एलपी-ई१२ ही छोटी बॅटरी आधीच्या वर्षी आलेल्या आरसाविरहित (मिररलेस) ईओएस एम मधून उचललेली होती. २००डीचा २४.२ मेगापिक्सेलचा सेन्सर आणि डिजिक ७ हे भाग चार महिने आधी आलेल्या ८००डीमध्ये होते. मात्र ८००डीला मिळालेली ४५ बिंदूंची फोकस यंत्रणा धाकट्याला मिळाली नाही. त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये १००डीचेच ९ बिंदू राहिले, आणि त्यांतही मधला एकच क्रॉस प्रकारचा, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषांवर फोकस साधणारा. कपडे मिळतात, पण सगळेच मिळत नाहीत. थोरल्याची विक्री मारली जाईल असा भाग हमखास मागे ठेवला जातो.

ही रीत किती नेमकी चालते हे २५०डीवरून कळते. समजा, २०१९ च्या जानेवारीत, म्हणजे तो जाहीर होण्याच्या तीन महिने आधी, आपल्याला अंदाज बांधायचा आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेला आरसाविरहित एम५० समोर आहे: २४.१ मेगापिक्सेल, डिजिक ८, आणि ४के व्हिडिओ. परंतु ४के चालू केले, की चित्र कडेने कापले जाते आणि ड्युअल पिक्सेल ही कॅननची वेगवान फोकस पद्धत बंद पडते. हे भाग छोट्या डीएसएलआरमध्ये घातले, २००डीची बॉडी आणि तिची एलपी-ई१७ बॅटरी कायम ठेवली, व्ह्यूफाइंडरचे ९ बिंदू तसेच राहू दिले, तर काय तयार होते? एप्रिलमध्ये जो २५०डी जाहीर झाला, तो जवळजवळ हाच होता, ४केच्या त्याच दोन उणिवांसह. ‘४के आणि त्यात पूर्ण वेगाचा फोकस’ अशी आशा लावून बसलेल्यांची जी निराशा झाली, ती एम५० कडे नीट पाहिले असते तर टळली असती.

यात आणखी एक खण असतो, आणि तो अफवांमध्ये कधीच येत नाही: काढून टाकलेल्या सोयींचा. निकॉन डी३३०० ला बाहेरचा माइक जोडण्याची सोय होती; त्याच्यानंतरच्या डी३४०० मधून ती गेली, सेन्सर कंपनांनी स्वच्छ करण्याची यंत्रणाही गेली, आणि डी३५०० मध्ये माइकची सोय परतली नाही. कॅनन २५०डीच्या माथ्यावरची फ्लॅशची पट्टी नीट पाहिली, तर तिथे कॅननच्या स्वतःच्या फ्लॅशचे बारीक संपर्कबिंदू दिसतात. पण साऱ्या कंपन्यांच्या फ्लॅशला समान असणारा मधला मोठा गोल बिंदू नाही, तिथे कोरी जागा आहे. त्यामुळे फक्त त्या एका बिंदूवर चालणारे स्वस्त फ्लॅश आणि स्टुडिओतले साधे ट्रिगर या कॅमेऱ्यावर उडत नाहीत. लग्नसमारंभाची छोटी कामे करायच्या विचारात असलेल्या नवशिक्याला ही एक गोष्ट चार मेगापिक्सेलांपेक्षा महाग पडू शकते. म्हणून नव्या मॉडेलची चर्चा सुरू झाली, की आपण रोज वापरणार अशा चार-पाच सोयी लिहून ठेवाव्यात आणि त्या टिकल्या आहेत का, हे जाहीर झाल्याच्या दिवशी आधी तपासावे.

आता हीच रीत आजच्या अफवेला लावू. २५०डीचे भाग पुढे कुठे गेले? मे २०२३ मध्ये कॅननने आर१०० हा आरसाविरहित कॅमेरा जाहीर केला. त्यात २४.१ मेगापिक्सेल, डिजिक ८, एलपी-ई१७ बॅटरी आहे, आणि ४केमध्ये तेच कापलेले चित्र व तोच मंद फोकस आहे. पडदा हलत नाही आणि त्याला स्पर्शही कळत नाही. वजन बॅटरी आणि कार्डासह ३५६ ग्रॅम, रुंदी ११६.३ मिलिमीटर, १००डीची रुंदी ११६.८ होती. ज्या छोट्या, स्वस्त, नवशिक्यांच्या कॅमेऱ्याची वाट पाहिली जात होती, तो माझ्या मते हाच आहे. फक्त त्यात आरसा नाही. ज्या कंपनीने ते भाग आणि ती जागा आपल्याच एका कॅमेऱ्याला देऊन टाकली, ती त्याच किमतीत आरशाचा आणखी एक कॅमेरा उभा करील, याला त्या भागांच्या यादीत काहीही आधार सापडत नाही.

वेळापत्रकावर विसंबू नये

‘दर दोन वर्षांनी नवा येतो, म्हणजे आता येणारच’ हा तर्क सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वाधिक वापरला जाणारा. निकॉनची डी३००० मालिका या तर्कासाठी अगदी आदर्श वाटत असे: २००९, २०१०, २०१२, २०१४, २०१६ आणि २०१८ या वर्षांत तिचे सहा कॅमेरे जाहीर झाले. २०२० उजाडले तेव्हा डी३६०० ची चर्चा होणे स्वाभाविकच होते. तो आला नाही. कॅननच्या छोट्या मालिकेत तर पहिल्या दोघांत चार वर्षांहून अधिक आणि पुढच्या दोघांत दोन वर्षांहून कमी अंतर होते. एवढ्यावरून कोणतेही वेळापत्रक मांडता येत नाही.

ताल का मोडला, हे जपानच्या कॅमेरा उद्योगाची संघटना असलेल्या सिपाच्या आकडेवारीत दिसते. संघटनेच्या सदस्य कंपन्यांनी २०१२ मध्ये जगभर सुमारे १ कोटी ६२ लाख डीएसएलआर धाडले होते. २०२० मध्ये आरसाविरहित कॅमेऱ्यांची संख्या प्रथमच डीएसएलआरहून जास्त झाली, आणि २०२४ मध्ये डीएसएलआरचा आकडा १० लाखांच्या आसपास उरला. ही आकडेवारी दर महिन्याला प्रसिद्ध होते आणि कुणालाही पाहता येते. नव्या कॅमेऱ्याच्या अफवेपेक्षा ती वाचायला कंटाळवाणी आहे, पण उपयोगाची आहे.

डीएसएलआरच बनवत राहण्याची भूमिका उघडपणे घेतलेली कंपनी म्हणजे पेन्टॅक्सची मालक रिको. तिथून नवा छोटा कॅमेरा येण्याची शक्यता तत्त्वतः अधिक. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी आणलेला केएफ हा २०१६ च्या के-७० चीच सुधारित आवृत्ती होता, ज्यात मुख्य बदल मागच्या पडद्याचा होता. शिवाय भारतात पेन्टॅक्सच्या लेन्सा आणि दुरुस्ती या दोन्ही गोष्टी दुर्मीळ आहेत.

थांबावे की घ्यावे

ज्यांच्याकडे कॅननच्या डीएसएलआरसाठीच्या ईएफ किंवा ईएफ-एस लेन्सा आधीपासून आहेत, त्यांनी नव्या छोट्या डीएसएलआरसाठी थांबण्यात अर्थ नाही. त्या लेन्सा २५०डीवर थेट चालतात आणि पुढे आरसाविरहित आर मालिकेचा कॅमेरा घेतला, तर कॅननच्याच अ‍ॅडॅप्टरने त्यावरही चालतात. मात्र हा अ‍ॅडॅप्टर बसवला, की छोट्या कॅमेऱ्याचा छोटेपणा बराच संपतो, हे खरेदीच्या आधी हातात धरून पाहावे.

लेन्स एकही नसेल आणि मुख्य उपयोग व्हिडिओचा असेल, तर सरळ आरसाविरहित कॅमेऱ्याकडे वळावे. छायाचित्रेच काढायची असतील आणि दिवसदिवस बाहेर राहायचे असेल, तर छोट्या डीएसएलआरची बाजू अजूनही लंगडी नाही. २५०डीचे दोन आकडे पुरेसे बोलके आहेत: सिपाच्या पद्धतीने मोजले, तर त्याची बॅटरी व्ह्यूफाइंडरमधून सुमारे १,०७० छायाचित्रे देते आणि तीच बॅटरी मागच्या पडद्यावर पाहून काढली, तर सुमारे ३२०. काचेतून पाहताना वीज जवळजवळ लागत नाही, हा आरशाचा फायदा आहे, आणि सह्याद्रीत दोन दिवसांच्या भटकंतीत, जिथे चार्जिंगची सोय नसते, तो प्रत्यक्ष जाणवतो. सोबत ईएफ-एस २४ मिलिमीटर एफ २.८ ही जेमतेम २३ मिलिमीटर जाडीची, १२५ ग्रॅमची लेन्स लावली, तर पूर्ण संच पावणेसहाशे ग्रॅमच्या आतच राहतो.

किमतीच्या अफवांबाबत एक सावधगिरी बाळगावी. अमेरिकेतला डॉलरमधला आकडा रुपयांत गुणून भारतातली किंमत काढू नये. तिथल्या जाहीर किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, तर आपल्याकडच्या एमआरपीत सर्व कर धरलेले असतात. शिवाय तो आकडा नुसत्या बॉडीचा आहे की कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटर किट लेन्ससह, हेही बातमीत स्पष्ट नसते.

नव्याची वाट सोडून जुना १००डी, २००डी किंवा २५०डी सेकंडहॅण्ड घ्यायचा ठरला, तर मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी किंवा ओळखीतून तो मिळू शकतो. लेन्स काढून तिच्या मागच्या बाजूने प्रकाशाकडे पाहावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळे काढलेल्या लेन्सांच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी असते आणि ती पुसून जात नाही. बॉडीत डोकावून आरशाच्या वरच्या कडेचा फोमचा पट्टा चिकट झाला आहे का, ते पाहावे. लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ १६ वर ठेवून कोऱ्या भिंतीचे किंवा आकाशाचे छायाचित्र काढून ते पडद्यावर मोठे करावे. सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. २००डी किंवा २५०डी असेल, तर पडदा पूर्ण उघडून दोन-चारदा फिरवावा आणि फिरवताना चित्र लुकलुकते का, हे पाहावे, कारण बिजागरीतून जाणारी पट्टी हाच त्यातला नाजूक भाग. बॅटरी काढून तिच्यावर एलपी-ई१२ आहे की एलपी-ई१७, हे वाचावे: १००डीला पहिली लागते, बाकी दोघांना दुसरी, आणि विक्रेत्याने भलताच चार्जर हातात ठेवला, तर ते घरी गेल्यावर कळून उपयोग नसतो.

नवा घेत असाल, तर खोक्यावरचा, बॉडीच्या तळाचा आणि बिलावरचा अनुक्रमांक हे तिन्ही सारखे आहेत का, ते दुकानातच पाहावे आणि वॉरंटी कार्ड भारतातले आहे याची खात्री करावी. परदेशातून आणलेला तोच कॅमेरा थोडा स्वस्त मिळतो. पण त्यावर नाव २५०डी किंवा रेबेल एसएल३ असेल, तर तो भारतासाठी आलेला नाही, आणि त्याची वॉरंटी इथल्या सेवा केंद्रात चालेल का, हे पैसे देण्याआधी त्या केंद्राला फोन करूनच विचारावे.